कवीचा शोक आणि सागर

दुःख थोडे असले, तर मनुष्य ते चार माणसांजवळ बोलून हलके करतो. परंतु अगदी जवळचे माणूस कायमचे अंतरले, म्हणजे बोलणेच खुंटते. भेटावयास आलेले लोक सांत्वनाचे शब्द बोलतात. ज्याच्यावर प्रसंग ओढवलेला असतो, तो मात्र खिडकीतून बाहेर पाहत गप्प बसतो. जवळच्या माणसाच्या मृत्यूवर लिहिलेल्या कवितेला मराठीत ‘विलापिका’ म्हणतात. विलाप म्हणजे रडून, आक्रोश करून शोक प्रकट करणे. परंतु उत्तम विलापिकांत आक्रोश फार थोडा असतो. मग शब्दांत न मावणारे दुःख कवी शब्दांनीच कसे सांगतो? इंग्रज कवी आल्फ्रेड टेनिसन याच्या एका लहानशा कवितेवरून हे चांगले समजते. कविता अवघ्या सोळा ओळींची आहे. तिच्यात समुद्रकिनारा आहे, लाटा आहेत, मुले आणि नावा आहेत. ज्या मृत्यूमुळे ती लिहिली गेली, त्याचा मात्र तिच्यात उघड उल्लेखही नाही.

टेनिसनचा जन्म ६ ऑगस्ट १८०९ रोजी इंग्लंडच्या पूर्व भागातील लिंकनशायर परगण्यात, सॉमर्सबी नावाच्या लहान खेड्यात झाला. त्याचे वडील तेथे धर्मोपदेशक होते. कुटुंब मोठे होते, आणि उन्हाळ्यात ही मंडळी जवळच्या मेबलथॉर्प या गावी समुद्रावर राहावयास जात. सपाट वाळू, वाळूच्या टेकड्या आणि पलीकडे गर्जणारा उत्तर समुद्र हे दृश्य आल्फ्रेडच्या मनावर बालपणीच ठसले. १८२७ साली त्याचा व त्याचा भाऊ चार्ल्स याचा पहिला कवितासंग्रह छापून निघाला. त्या दिवशी दोघा भावांनी एक गाडी भाड्याने घेतली, आणि थेट मेबलथॉर्पचा किनारा गाठून आपल्या कविता वाऱ्याला व लाटांना मोठ्याने म्हणून दाखविल्या. आपला आनंद ऐकविण्यास समुद्रासारखा दुसरा श्रोता नाही, असे त्या वेळी त्यांना वाटले असावे. पुढे सहा वर्षांनी टेनिसनवर दुःखाचा प्रसंग आला, तेव्हाही त्याला याच समुद्राची आठवण झाली.

त्याच वर्षी टेनिसन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याला आर्थर हॅलम हा मित्र भेटला. हॅलम वयाने टेनिसनहून सुमारे दीड वर्षाने लहान होता. त्याचे वडील हेन्री हॅलम हे नामांकित इतिहासकार होते. टेनिसन स्वभावाने अबोल व संकोची होता, तर हॅलम मोकळा, बोलका आणि सर्वांना आवडणारा होता. दोघांनाही काव्याचे वेड होते. १८३० च्या उन्हाळ्यात त्यांनी फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधील पिरेनीज पर्वतात बरोबर प्रवास केला. टेनिसनचे नवे काव्य लोकांच्या नजरेस यावे म्हणून हॅलमने १८३१ साली एका मासिकात त्यावर गौरवपर लेख लिहिला. तो सॉमर्सबीस येऊन राहू लागला, घरातील सर्वांचा लाडका झाला, आणि टेनिसनची बहीण एमिली हिच्याशी त्याचा विवाह ठरला. मित्र आता आप्तही होणार होता.

हा विवाह कधीच झाला नाही. १८३३ साली हॅलम वडिलांबरोबर युरोपच्या प्रवासास गेला असता ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे त्याची प्रकृती बिघडली. १५ सप्टेंबर रोजी वडील बाहेरून परत आले, तेव्हा आर्थर कोचावर पडलेला होता. तो झोपला आहे असेच त्यांना वाटले. परंतु मेंदूत रक्तस्राव होऊन त्याचा अंत झालेला होता. त्याचे वय केवळ बावीस वर्षांचे होते. ही वार्ता पत्राने सॉमर्सबीस पोहोचण्यास दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. ती ऐकून एमिली मूर्च्छित पडली, आणि तिला सावरण्याचे काम चोवीस वर्षांच्या आल्फ्रेडलाच करावे लागले. हॅलमचा देह त्रिएस्त बंदरातून जहाजाने इंग्लंडला आणण्यात आला, आणि ३ जानेवारी १८३४ रोजी क्लीव्हडन येथील चर्चमध्ये त्याचे दफन झाले. क्लीव्हडन हे त्याच्या आईच्या माहेरचे गाव. तेथील जुने चर्च समुद्रकाठच्या टेकडीवर असून तेथून ब्रिस्टलच्या खाडीचे विस्तीर्ण पाणी दिसते. मृत्यू आणि दफन यांच्यामध्ये असे साडेतीन महिने गेले. त्या काळात घरच्या मंडळींच्या मनापुढे सागर आणि त्यावरून येणारे ते जहाज सतत उभे असले पाहिजे.

टेनिसनची सोळा ओळींची कविता याच दुःखातून निर्माण झाली. ती समुद्रकिनाऱ्याची कविता असल्यामुळे ती किनाऱ्यावर बसूनच रचली असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तसे घडले नाही. लिंकनशायरमधील एका गल्लीवजा वाटेने चालत असताना, पहाटे पाच वाजता, दोन्ही बाजूंना फुललेल्या कुंपणांच्या मधोमध ती आपल्याला सुचली, असे टेनिसनने स्वतः सांगितले आहे. समोर फुले होती, आणि कवितेत मात्र थंड, राखी रंगाचे दगड आले. फुलांनी बहरलेली ती पहाट त्याच्या मनाशी जुळत नव्हती. मनाला जुळेल असे दृश्य त्याने आपल्या आठवणीतून उचलले, आणि ते समुद्राचे निघाले. म्हणून कवितेतील हा समुद्र नकाशावर शोधून सापडणार नाही. तो शोकाकुल मनाने आपल्यासाठी निर्माण केलेला समुद्र आहे.

कवितेत प्रत्येकी चार ओळींची चार कडवी आहेत. कवीने तिला निराळे नाव दिलेले नाही. तिच्या पहिल्या ओळीवरूनच ती ओळखली जाते. या ओळीत एकच क्रियापद तीन वेळा आले आहे. इंग्रजीत लाट फुटणे आणि हृदय भंग पावणे या दोन्ही क्रियांना हे एकच क्रियापद वापरतात. कवी वरवर पाहता लाटांना फुटण्यास सांगत आहे. परंतु ऐकणाऱ्याच्या मनात त्याच शब्दाचा दुसरा अर्थही जागा होतो. आपले हृदय फुटत आहे, असे कवीला वेगळे सांगावे लागत नाही. पुढे तो म्हणतो की, माझ्या मनात उठणारे विचार माझ्या जिभेला बोलता यावेत. ही इच्छा म्हणजेच त्याचे खरे दुःख होय. सागराला आवाज आहे. लाट दगडावर आपटते आणि गर्जते. कवीच्या मनातही तसाच कल्लोळ आहे, परंतु त्याला आवाज नाही.

दुसऱ्या कडव्यात दृश्य बदलते. कोळ्याचा लहान मुलगा आपल्या बहिणीबरोबर ओरडत खेळतो आहे. एक तरुण खलाशी उपसागरात आपल्या नावेवर बसून गात आहे. या ठिकाणी दुःखाचे एक अक्षरही नाही. मग ही आनंदी माणसे शोकाच्या कवितेत कशासाठी आली? ती सर्व आवाज करीत आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मुलगा ओरडतो, खलाशी गातो, आणि ज्याचा सर्व जीव शब्दांत आहे तो कवी मात्र मूक आहे. शिवाय मुलाजवळ बहीण आहे. त्याच्या खेळाला सोबती आहे. कवीचा सोबती गेलेला आहे. एवढे असूनही कवी त्यांचा हेवा करीत नाही, किंवा माझे असे झाले असता तुम्ही हसता कसे, असा दोषही त्यांना देत नाही. त्यांचे ठीक चालले आहे, असेच तो म्हणतो. दुःखी माणसाच्या मनाचा मोठेपणा येथे दिसतो. त्याबरोबरच, जगाचा नित्याचा व्यवहार आपल्यासाठी थांबत नाही, ही शोकातील सर्वांत बोचणारी गोष्टही येथे जाणवते.

तिसऱ्या कडव्यात मोठी जहाजे येतात. ती डौलाने पुढे सरकत डोंगराच्या कुशीतील बंदरात विसावतात. समुद्रावर गेलेले जहाज बंदरास लागणे यासारखी सुखाची गोष्ट नाही, कारण त्याबरोबर दूर गेलेली माणसे घरी परत येतात. येथपर्यंत कवीने केवळ बाहेरचे दृश्य सांगितले आहे. आता मात्र त्याला राहवत नाही. परत येणारी जहाजे पाहून न येणाऱ्याची आठवण उसळते, आणि एका हाताच्या स्पर्शासाठी व थांबलेल्या एका आवाजासाठी त्याचा जीव तळमळतो. सर्व कवितेत उत्कंठेचा उद्गार हा एवढाच. मित्राची विद्वत्ता, त्याचे रूप, त्याचे गुण यांपैकी कशाचेही वर्णन कवीने केलेले नाही. हात आणि आवाज या अगदी साध्या गोष्टी त्याला आठवतात. ज्याने कोणी आपले माणूस गमावले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही. गेलेल्या माणसाची थोर कृत्ये पुस्तकांत लिहून ठेवता येतात. त्याची हाक मात्र पुन्हा कानी पडत नाही.

हॅलमची हकीकत ठाऊक असलेल्या वाचकाला या जहाजांत आणखी एक अर्थ दिसतो. हॅलमचे जहाजही बंदरास लागले होते. तोही समुद्र ओलांडून मायदेशी आला होता. परंतु त्याच्या हातात स्पर्श नव्हता आणि कंठात आवाज नव्हता. कवीने हे कोठेही सांगितलेले नाही. कवितेत मित्राचे नाव नाही, व्हिएन्ना नाही आणि क्लीव्हडनही नाही. नाव नसल्यामुळेच प्रत्येक वाचक त्या जागी आपल्या माणसाला ठेवू शकतो.

चौथे कडवे पहिल्यासारखेच सुरू होते. तेच तीन शब्द पुन्हा येतात. लाटा आता कड्यांच्या पायथ्याशी फुटत आहेत. वाटावे की काहीच बदललेले नाही. परंतु एक सूक्ष्म फरक झालेला आहे. पहिल्या कडव्यात कवीला आपले मन बोलून दाखविण्याची इच्छा होती. शेवटच्या कडव्यात ती इच्छा उरलेली नाही. जो दिवस गेला, त्याचे कोमल सौंदर्य आपल्याकडे कधीही परत येणार नाही, एवढेच तो शांतपणे सांगतो. लाट ओसरते आणि पुन्हा येते, जहाज जाते आणि परत येते. गेलेला दिवस मात्र येत नाही. ही तुलना कवीने शब्दांनी केलेली नाही. तीन कडव्यांतील चित्रांनी ती आपोआप घडून येते.

या कवितेची चालही तिच्या अर्थाला धरून आहे. पहिल्या ओळीत तीनच शब्द आहेत, आणि त्यांतील प्रत्येक शब्द इंग्रजीत एकाच आघाताने उच्चारला जातो. दुसऱ्या ओळीत त्याच्या दुपटीहून अधिक उच्चार आहेत. तरीही म्हणताना दोन्ही ओळींना जवळजवळ सारखाच वेळ लागतो, कारण पहिल्या ओळीतील प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागते. लाट येऊन आदळते, क्षणभर शांतता होते, आणि मग दुसरी लाट येते. तसाच हा थांबा आहे. हुंदका दाटून आलेला मनुष्यही असाच थांबत थांबत बोलतो. ज्याला शब्द सुचत नाहीत, त्याचे मौन कवीने येथे चालीतच गुंफले आहे.

ही कविता १८४२ साली प्रसिद्ध झाली. तोपर्यंतच्या सुमारे दहा वर्षांत टेनिसनने फारच थोडे छापले होते. परंतु त्याचे लिहिणे थांबलेले नव्हते. हॅलमच्या आठवणीने तो लहान लहान कविता रचून ठेवीत होता. त्यांतील काही त्या जहाजालाच उद्देशून आहेत, आणि मित्राचा देह सांभाळून आणण्याची विनवणी त्यांत केलेली आहे. एका कवितेत क्लीव्हडनजवळच्या भरती-ओहोटीचे वर्णन आहे. या खाडीतील भरती जगातील अतिशय मोठ्या भरतींपैकी एक गणली जाते. दिवसातून दोन वेळा समुद्राचे पाणी सेव्हर्न नदीत शिरते आणि तिला मिळणाऱ्या वाय नदीतही चढते. पाणी काठोकाठ भरले म्हणजे वाय नदीचा खळखळाट बंद पडतो. ओहोटी लागली म्हणजे ती पुन्हा बोलू लागते. आपल्या मनाचेही असेच होते, असे कवी सांगतो. दुःख पूर्ण भरून आले म्हणजे तोंडातून शब्द निघत नाही. ते थोडे ओसरले म्हणजे काही बोलता येते. सोळा ओळींच्या कवितेत टेनिसनने ज्या मूकपणाची खंत केली होती, त्याचे कारण त्याला या नदीत सापडले.

या लहान कवितांचे पुढे एक मोठे काव्य बनले. हॅलमच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, १८५० साली, ते ‘इन मेमोरियम’ म्हणजे ‘स्मरणार्थ’ या नावाने निघाले. प्रथम त्यावर कवीचे नाव छापलेले नव्हते. त्याच वर्षी टेनिसनचा विवाह झाला, आणि विवाहानंतर तो पत्नीसह क्लीव्हडनला मित्राच्या समाधिस्थानी जाऊन आला. त्याच वर्षी त्याला इंग्लंडच्या राजकवीचे पदही मिळाले. १८६१ साली व्हिक्टोरिया राणीचा पती मरण पावला, तेव्हा तिला या काव्याने मोठा धीर दिला. एका खेड्यातील तरुणाचा मित्रशोक आणि सिंहासनावरील राणीचा पतिशोक यांना एकच काव्य पुरे पडले. टेनिसनने १८५२ साली जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव हॅलम असे ठेवले. जो आवाज थांबला होता तो काही परत आला नाही. परंतु मित्राचे नाव त्या घरात रोज उच्चारले जाऊ लागले.

समुद्राने टेनिसनला आणखी एक दुःख दिले. त्याचा दुसरा मुलगा लायोनेल हा लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये नोकरीस होता. तो भारताच्या प्रवासास आला असता आसामात त्याला तापाने गाठले. बोटीने मायदेशी परतत असताना एप्रिल १८८६ मध्ये तांबड्या समुद्रात त्याचा अंत झाला, आणि त्याचा देह तेथेच सागरास अर्पण करण्यात आला. या वेळी जहाज बंदरास लागले, परंतु मुलाचा देहदेखील पित्याला पाहावयास मिळाला नाही.

तीन वर्षांनी, १८८९ साली, ऐंशी वर्षांच्या या कवीने समुद्रावर पुन्हा एक सोळा ओळींची कविता लिहिली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून वाइट बेटावरील आपल्या घराकडे बोटीने जाताना ती त्याला सुचली. हिच्यात प्रवासास निघालेला आहे तो कवी स्वतःच. बंदराच्या तोंडाशी साचलेला वाळूचा उंचवटा ओलांडून त्याला बाहेरच्या अथांग पाण्यावर जावयाचे आहे. भरतीचे पाणी भरलेले आणि शांत असावे, आणि आपल्या जाण्याने कोणी व्याकूळ होऊ नये, एवढीच त्याची इच्छा आहे. पलीकडे गेल्यावर आपल्या वाटाड्याचे दर्शन होईल, अशी आशाही त्याने व्यक्त केली आहे. टेनिसन ६ ऑक्टोबर १८९२ रोजी निवर्तला. आपल्या काव्यसंग्रहाच्या प्रत्येक आवृत्तीत ही कविता सर्वांत शेवटी छापावी, असे त्याने मुलाला, म्हणजे हॅलमला, सांगून ठेवले होते.

तरुणपणीच्या कवितेतील सागर थंड दगडांवर आदळत होता. म्हातारपणीच्या कवितेतील सागर भरलेला आणि निःशब्द आहे. या दोहोंमध्ये पन्नासाहून अधिक वर्षांचा काळ गेला. या काळात दुःख नाहीसे झाले नाही. ते मनात राहूनच शांत झाले. पहिली कविता वाचताना तिच्यात शोकाचे शब्द शोधू नयेत. खेळणारी भावंडे, गाणारा खलाशी आणि बंदराकडे येणारी जहाजे यांच्याकडे लक्ष द्यावे, आणि या सर्वांकडे पाहत किनाऱ्यावर एकटा उभा असलेला तो तरुण कोण आहे हे आठवावे. म्हणजे त्याच्या जिभेला जे बोलता आले नाही, ते लाटांच्या आवाजातून ऐकू येईल.